चार स्क्रूंवर बांधलेलं वाद्य : बेस गिटारच्या सेटअपची पार्श्वभूमी

जुनी बेस गिटार घ्यायला गेलेला जाणता वादक ती लगेच वाजवून बघत नाही. आधी ती पालथी करतो. नेक (दांडी) आणि बॉडी (धड) जिथे एकत्र येतात तिथे धातूची एक चौकोनी पट्टी असते, तिच्यावर चार स्क्रू असतात. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील, तर नेक याआधी कुणीतरी उघडलेला आहे हे नक्की. नवख्या गिऱ्हाइकाला ही वाद्यातली खोट वाटते. पण हे वाद्य पहिल्या दिवसापासून उघडायच्या सोयीनंच बनवलेलं आहे. सेटअप (वाद्य वाजवायला जुळवून घेणं), पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा चुंबकी भाग) बदलणं, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) बदलणं हे सगळं त्या चार स्क्रूंपासून सुरू होतं.

स्क्रू लावणारा माणूस रेडिओ दुरुस्त करणारा होता. लिओ फेंडर, जन्म 1909. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात त्यानं 1938 मध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. व्हायोलिन किंवा जुन्या पद्धतीची गिटार बनवणारा कारागीर नेक सरसानं कायमचा चिकटवतो. तो वाकला की दुरुस्ती कितीतरी दिवस चालते. रेडिओवाल्याची सवय निराळी असते. बिघडलेला भाग काढायचा, नवा बसवायचा, गिऱ्हाइकाला संध्याकाळी घरी पाठवायचं. फेंडरनं हीच सवय लाकडाला लावली. आधी इलेक्ट्रिक गिटारला, आणि 1951 मध्ये बेसला. त्या बेसचं नाव प्रिसिजन.

त्याआधी मंद्र सप्तकाची बाजू सांभाळायचा तो डबल बेस. माणसाएवढा उंच, तारेची लांबी 41-42 इंच, पडदे नाहीत, आणि ड्रम-ट्रंपेटच्या गलक्यात आवाज पार बुडून जायचा. सिएटलच्या पॉल टटमार्कनं 1936 च्या सुमारास पडदे असलेला, भरीव लाकडाचा इलेक्ट्रिक बेस बनवला होता, पण तो फारसा खपला नाही. फेंडरनं लांबी 34 इंचांवर आणली, वीस फ्रेट (धातूचे पडदे) बसवले. बोट फ्रेटच्या मागे पडलं की सूर नेमका लागणार, म्हणून प्रिसिजन. पुढच्याच वर्षी त्यानं बेससाठी वेगळा ॲम्प्लिफायरही आणला, कारण सर्वांत जाड तारेचा खालचा 'ई' हा सूर सेकंदाला 41 कंपनांचा असतो आणि तेव्हाच्या गिटार ॲम्प्लिफायरला तो झेपत नव्हता.

नेमकेपणाच्या या दाव्यात मात्र पहिल्यापासून एक भोक होतं, आणि सेटअपचा इतिहास मला तिथूनच सांगावासा वाटतो. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात. सूर चढा वाटला की पडदा सरकवता येतो. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले. मग चूक दुरुस्त कुठे करायची? दुसऱ्या टोकाला, ब्रिजवर. तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तारेचा जास्त चढतो. म्हणून जाड तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो छोटा तुकडा) थोडं मागे न्यायचं, बारीक तारेचं पुढे. पहिल्या प्रिसिजनवर चार तारांना मिळून सॅडलं दोनच होती. एक तार सुरात आणली की तिच्या शेजारची हटायची. चार तारांना चार सॅडलं यायला 1957 उजाडलं. आज बाराव्या फ्रेटवर तार दाबून एकदा आणि तिथंच नुसतं बोट टेकवून एकदा असे दोन सूर ताडून बघतो, दाबलेला चढा निघाला की स्क्रू फिरवून सॅडल मागे घेतो, ती सोय त्या वर्षापासूनची.

त्याच 1957 मध्ये पिकअप बदलला. एकाऐवजी दोन तुकडे, उलट्या दिशेनं गुंडाळून जोडलेले, त्यामुळे विजेची घरघर एकमेकांत विरून जाते. प्रत्येक तारेखाली एकाऐवजी दोन चुंबक आले आणि आवाज गोल झाला. ही रचना आजही जवळपास तशीच विकली जाते. 1960 मध्ये आलेल्या जॅझ बेसला दोन पिकअप आणि नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे) दीड इंचाचा अरुंद नेक मिळाला. लहान हाताच्या वादकाला मी अजूनही तोच सुचवतो.

नेकच्या आत एक पोलादी कांब असते, ट्रस रॉड. ही कल्पना गिब्सन कंपनीची, तिचं पेटंट 1923 चं. चार तारा मिळून नेकला साधारण 70 ते 80 किलोच्या जोरानं पुढे ओढतात. कांब आवळली की नेक मागे जातो, सैल केली की पुढे येतो. आपल्याकडच्या हवेत ही कांब विसरून चालत नाही. मे महिन्यात झकास जुळवलेला बेस जुलैत हातात घ्या. लाकडानं ओल धरलेली असते, तारा फ्रेटपासून वर उचललेल्या असतात आणि तासाभरात मनगट भरून येतं. अशा वेळी मी पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावतो, उजव्या हातानं शेवटचा फ्रेट दाबतो आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट बघतो. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, म्हणजे 0.3 मिलिमीटरच्या आसपास. जुन्या पद्धतीच्या फेंडरवर कांबेचं तोंड बॉडीच्या बाजूला असतं. म्हणजे तारा सैल करा, चार स्क्रू काढा, नेक उचला, पाव फेरा द्या, सगळं परत बसवा, सुरात लावा आणि बघा. चुकलं असेल तर पुन्हा पहिल्यापासून. तरी पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी देऊ नये. लाकडाला बसायला वेळ द्यावा लागतो.

बनवणाऱ्यानं सुरुवात केली, पुढचं वादकांनी केलं. फेंडरला वाटलं होतं की लोक अंगठ्यानं वाजवतील, म्हणून बोटं टेकवायला बारीक तारेखाली एक ठोकळा दिला होता. लोकांनी अंगठा पिकअपवर टेकवला आणि बोटांनी वाजवलं. तो ठोकळा कारखान्यानं 1974 च्या सुमारास वरच्या बाजूला हलवला. ब्रिजवर चकचकीत झाकण असायचं, त्याच्या आत तारांवर दाबणारा फोमचा तुकडा. बहुतेकांनी ते झाकण काढून टाकलं.

डेट्रॉइटच्या बेसवादक जेम्स जेमर्सननं ते ठेवलं. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांखाली जो बेस चालतो तो त्याच्या 1962 च्या प्रिसिजनचा. जाड, सपाट गुंडाळीच्या तारा. त्या तुटल्याशिवाय तो बदलत नसे. ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) इतकी की दुसऱ्याला वाजवणं अवघड. फोममुळे सूर लांबत नाही, थाप पडल्यासारखा उमटतो आणि थांबतो. आजच्या कुठल्याही सेटअप करणाऱ्यानं तो बेस बघताच 'दुरुस्त' केला असता. आणि तो आवाज गेला असता.

उलट टोकाला लंडनचा, 'द हू' बँडचा बेसवादक जॉन एंटविसल. 1966 मध्ये त्यानं रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीकडून गोल गुंडाळीच्या तारा करून घेतल्या. पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा झणझणीत आवाज. या तारा फ्रेटवर आपटतात, करकरतात. आपल्याला हे नवीन नाही. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कारागीर कानसानं हलक्या हातानं घासतो, दोरा सरकवतो, आणि तारेला जवारी, म्हणजे ती झणझणती गुंज, येते. मिरजेत हे काम दीडशेहून जास्त वर्षं चाललंय. तार कुठे घासावी आणि कुठे घासू नये हे ज्याला ऐकू येतं, त्याला फ्रेटची करकर म्हणजे सरसकट दोष वाटत नाही.

गोल तारांचा एक दुष्परिणाम झाला. त्या कानशीसारख्या चालतात, फ्रेट खातात आणि लाकडावर थेट पडल्या तर लाकूडही. फ्लोरिडात वाढलेल्या बेसवादक जॅको पास्टोरियसकडे 1962 चा जॅझ बेस होता. त्यातले फ्रेट उपटलेले होते, खाचा लाकडाच्या पुट्टीनं बुजवल्या होत्या आणि वरून बोटींना लावतात त्या इपॉक्सीचे थर दिले होते, म्हणजे गोल तारांनी लाकूड खरवडलं जाऊ नये. त्या कडक, काचेसारख्या पाटीवर बोट सरकलं की सूर एकातून दुसऱ्यात वाहत जातो, आपण मींड म्हणतो तसा, आणि शेवटी गुणगुणतो. फ्रेटलेस बेस त्याआधीही होते. अँपेग कंपनीनं 1966 मध्ये विकायला काढला होता, फेंडरनं 1970 मध्ये. पण 1976 मध्ये जॅकोची पहिली रेकॉर्ड आली आणि जगभरच्या वादकांनी आपापल्या बेसचे फ्रेट उपटायला घेतले. ज्या फ्रेटमुळे वाद्याचं नाव प्रिसिजन पडलं, तेच. घाईनं उपटताना कडेचं लाकूड तडकतं. फ्रेट सोल्डरिंग आयर्ननं आधी तापवून हळूहळू काढावा. काढलेल्या फ्रेटचा बेस विकत घेताना पाटीवर नख फिरवून बघा, बुजवलेली खाच वर आली असेल तर नखाला लागते.

दरम्यान फेंडरची कंपनी जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीनं विकत घेतली. सत्तरच्या दशकातल्या मालाबद्दल तक्रारी वाढल्या. जॅझ बेसच्या नेकला चारऐवजी तीन स्क्रू आले आणि नेक डुगडुगतो अशी ओरड झाली. 'सीबीएसच्या आधीचा' हा शब्द तेव्हापासून बाजारात भाव वाढवतो. याच नाराजीतून सुट्या भागांचा धंदा उभा राहिला. डिमार्झिओ आणि सीमोर डंकनचे पिकअप, जड बॅडअ‍ॅस ब्रिज. कॅलिफोर्नियात अलेंबिक कंपनीनं बेसच्या पोटात बॅटरीवरचं सर्किट घातलं. स्वतः लिओ फेंडर तोवर नव्या कंपनीत गेला होता. 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्ये तेच तंत्र कारखान्यातूनच बसून आलं. बेसवादक मार्कस मिलरचा 1977 चा जॅझ बेस न्यूयॉर्कच्या गिटार-कारागीर रॉजर सॅडोस्कीनं प्रीॲम्प (आवाज आधीच वाढवणारं सर्किट) बसवून आणि ब्रिज बदलून दिला. म्हणजे नावं ठेवलेल्या काळातलाच बेस, आणि त्याचा आवाज पुढे कित्येकांनी आदर्श मानला. सालावरून वाद्य नाकारू नये, असं मी म्हणतो ते यामुळे.

मुंबईत फिल्मी रेकॉर्डिंगला बेस गिटार साठ-सत्तरच्या दशकांत रुळली. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. तेव्हाच्या वाद्यवृंदांत गोव्याची मंडळी मोठ्या संख्येनं होती. आयातीवर निर्बंध होते. तारांचा संच जपून वापरायचा, आवाज बसला की काढून पाण्यात उकळायचा. गुंडाळीत अडकलेलं तेल आणि मळ सुटतो, काही दिवस तार पुन्हा बोलते. तारा मिळत असतानाही मी हे केलंय. पातेल्यावर करड्या रंगाचा तवंग येतो तो बघण्यासारखा असतो.

आता ऑनलाइन घरपोच बेस येतो, पण कारखान्यातून निघालेल्या वाद्यानं आपल्या गावची हवा पाहिलेली नसते. सेटअपचा खर्च किमतीत धरूनच बजेट ठरवा. आणि जुना बेस घेत असाल, मालकाची ना नसेल, तर ते चार स्क्रू उघडायला सांगा. पन्नासच्या दशकातल्या फेंडर वाद्यांच्या नेकच्या टाचेवर पेन्सिलीनं तारीख लिहिलेली असते, काहींवर 'टीजी' ही अक्षरं. टाडेओ गोमेझ नावाच्या कामगाराची ती सही. तारा लावल्यावर ती दिसत नाही.