प्रतिकृती वाफइंजिनांचे रिव्हेटी पोलादी बॉयलर

वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृती इंजिनाचा बॉयलर बहुधा तांब्याचा असतो आणि त्याचे सांधे चांदीच्या झाळणाने जोडतात. प्रतिकृती मूळ इंजिनाच्या चौथ्या हिश्श्याएवढी किंवा त्याहून मोठी झाली, की जाड तांबे सगळीकडून सारखे तापवणे जड जाते. तिथे पोलाद येते, आणि आज ते जवळजवळ नेहमीच वेल्डिंगने जोडतात. जुन्या इंजिनांसारखे पत्रे रिव्हेटांनी आवळणारे कारागीर थोडेच.

काम चिकाटीचे आहे. दोन्ही पत्र्यांना एकदमच ड्रिलने भोके पाडतात. पंचाने पाडलेल्या भोकाची कड कडक होऊन तिला बारीक तडे जाऊ शकतात. मग पत्रे सुटे करून भोकांची कोर घासतात आणि एकाआड एक भोकात बोल्ट घालून ते पुन्हा आवळतात. लालभडक रिव्हेट आत जातो, डोक्यामागे जड डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरली जाते आणि शेपटी ठोकून गोल करतात. निवताना रिव्हेट आखडतो. पत्रे घट्ट धरले जातात ते या आखडण्यामुळे. शेवटी पत्र्याची तिरकी कड बोथट छिन्नीने खालच्या पत्र्यावर दाबतात, तेव्हा वाफ अडते. यालाच कॉकिंग म्हणतात. रिव्हेट तपासायचा तर एका बाजूला डोक्याच्या कडेवर बोट ठेवून दुसऱ्या बाजूने हलकी हातोडी मारावी: घट्ट रिव्हेट खणखणतो, सैल रिव्हेटाची हालचाल बोटाला कळते.

खरी अडचण आकाराची. मूळचा २० मिमीचा रिव्हेट चौथ्या हिश्श्यात ५ मिमीचा होतो आणि भट्टीतून भोकापर्यंत येईतो काळा पडतो. म्हणून तो थंडच ठोकावा लागतो, आणि आखडण्याचा फायदा जातो. १२ मिमीचा पत्रा ३ मिमीचा होतो. त्याच्या कडेवर जोर जास्त पडला तर पत्राच उचलला जातो. गंज मात्र प्रमाणात लहान होत नाही. एक मिलिमीटर गंजला तर मूळ पत्र्याचा बारावा हिस्सा जातो, प्रतिकृतीचा तिसरा. त्यामुळे पत्रा प्रमाणापेक्षा जाड घेणेच शहाणपणाचे.

भोकांनी पत्रा कमजोर होतो तो वेगळाच. ब्रिटिश अभियंते विल्यम फेअरबेर्न यांच्या १८३८च्या प्रयोगांत अखंड पत्र्याचे बळ १०० धरले, तर रिव्हेटांच्या दुहेरी ओळीच्या सांध्याचे ७० आणि एकेरीचे ५६ भरले. नळकांड्याच्या लांबीतल्या सांध्यावर गोलाकार सांध्याच्या दुप्पट ताण असतो. तो सांधा पत्र्यावर पत्रा चढवून केला, तर नळकांडे पूर्ण गोल राहत नाही, दर वेळी दाब चढता-उतरताना वाकते आणि आतल्या घडीत तडा वाढत जातो, बाहेरून न दिसता. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतल्या ब्रॉकटन येथे बुटांच्या कारखान्यातला बॉयलर अशाच तड्याने फुटला; ५८ माणसे गेली. म्हणून लांबीतला सांधा कडेला कड भिडवून, आतबाहेर पट्ट्या लावून करावा. किंवा तो वेल्ड करून वर शोभेचे रिव्हेट बसवावेत. माणसे ओढणाऱ्या इंजिनासाठी मला हेच बरे वाटते.

नव्या बॉयलरची चाचणी हवा पूर्ण काढून, थंड पाण्याने, चालू दाबाच्या दुप्पट दाबावर घेण्याचा ब्रिटनमध्ये प्रघात आहे. पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी स्फोट न होता गळती होते. किंचित पाझर वापरात गंजून बुजतो. पण सांध्याच्या कडेला पांढरी पुटे धरू लागली, तर आत पाणी आटून क्षार साचत असतात आणि तीव्र क्षाराने ताणलेले पोलाद तडकते. अशा सांध्यावर रंग न चढवता तो उघडून पाहावा.