सलाईनच्या मिठातला पांढरा ढग

सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाचा जेमतेम पाऊण चमचा. पण ते थेट रक्तात जाणार असल्यामुळे त्याला बऱ्याच परीक्षा द्याव्या लागतात. त्यातली एक सल्फेटची.

गंमत अशी, की सल्फेट काही विष नव्हे. मॅग्नेशियम सल्फेट तर पोट साफ व्हायला चमच्याने देतात. मग त्याच्या कणाकणाचा हिशेब कशाला? कारण ते चुगलखोर आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. मिठागरात पाणी आटू लागलं की आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, तळाला बसतं. मग मीठ धरतं. मॅग्नेशियम सल्फेट मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतं आणि थोडंफार खड्यांना चिकटून येतं. औषधाच्या मिठात ते जास्त सापडलं, तर शुद्धीकरणात कुणीतरी हात आखडता घेतलाय हे उघड होतं. इतर औषधांत सल्फेट बहुधा कारखान्यातल्या सल्फ्युरिक आम्लातून येतं, पण चुगली तीच.

चाचणी फार्मसीच्या मुलांना पाठ असते. नाव ‘लिमिट टेस्ट’. सल्फेट नेमकं किती, हे ती सांगत नाही. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे का, एवढंच सांगते. दोन सारखे नेसलर सिलिंडर घ्यायचे, उंच आणि सपाट बुडाचे. एकात मिठाचं द्रावण, दुसऱ्यात मोजून घेतलेलं सल्फेट: १५ मिली द्रावणात ०.१५ मिलिग्रॅम, वजनाने बारीक मिठाचे दोन-तीन कण. दोन्हीकडे बेरियम क्लोराइड. बेरियम आणि सल्फेट भेटले की बेरियम सल्फेट तयार होतं, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. थोडं आम्लही घालतात, नाहीतर कार्बोनेटसारखे इतर क्षार बेरियमला गाठून फुकटचा गढूळपणा आणतील.

मला सगळ्यात आवडते ती यातली एक उलटी वाटणारी चाल. सल्फेट शोधायचंय, आणि आपणच बेरियम क्लोराइडमध्ये आधी चिमूटभर सल्फेट घालतो, तेही अल्कोहोलमधलं! हे विरजण आहे. सल्फेट फारच कमी असेल तर बेरियम सल्फेटचे पहिले कण धरायला वेळ लागतो, द्रावण उगाच नितळ दिसत राहतं. आधीच थोडे कण तयार असले की नवे त्यांच्यावर भराभर चढतात. दोन्ही सिलिंडरना विरजण सारखंच, म्हणून तुलना बिघडत नाही.

मग दोन्हीकडे पन्नास मिलीपर्यंत क्षार नसलेलं डिस्टिल्ड पाणी भरायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पाणी आधी निळसर धुरकट होतं, मग ताकाच्या निवळीसारखं. मागे काळा कागद धरून दोन्ही शेजारी पाहायचे. मिठाचा ढग मोजलेल्या सल्फेटच्या ढगापेक्षा दाट नसला, की मीठ पास.

कॉलेजात माझं मीठ पहिल्याच वेळी दणदणीत नापास झालं होतं. सर सिलिंडरकडे न बघता म्हणाले, “मिठाच्या सिलिंडरमध्ये पन्नास मिलीपर्यंत पाणी कुठलं भरलंस?” मी बोअरच्या नळाकडे बोट दाखवलं.