कीचकापासून मालिकेतल्या फलकापर्यंत

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा प्रचार ऐन रंगात असताना काँग्रेसने निवडणूक आयोगाकडे तक्रार नेली. मराठी मालिकांत पात्रांच्या मागे शिंदे गटाच्या शिवसेनेची जाहिरात दिसते, असं तिचं म्हणणं होतं. लोकसभेच्या वेळी, एप्रिल २०१९ मध्ये, 'भाभीजी घर पर हैं' आणि आणखी एका हिंदी मालिकेत पात्रांच्या तोंडून सरकारी योजनांचं कौतुक झालं. तेव्हाही काँग्रेसच्या तक्रारीवरून आयोगाने नोटीस काढली आणि तो मजकूर काढायला लावला. अशा वेळी 'करमणुकीत राजकारण कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. सांगली-साताऱ्याकडून पाहिलं तर हा प्रश्नच चुकीचा वाटतो. इथल्या करमणुकीत राजकारण पहिल्यापासून आहे, आणि लोकांनी ते डोळे उघडे ठेवून पाहिलं आहे.

१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते सांगली संस्थानच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. म्हणजे मराठी नाटक वाढलं तेच दरबाराच्या छायेत. पुढे ६४ वर्षांनी, १९०७ मध्ये, याच सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. विराटाच्या दरबारातली गोष्ट, इंग्रजांचं नाव कुठेही नाही. तरी प्रेक्षकाला कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत भारतमाता दिसली. भीम जहाल, युधिष्ठिर मवाळ. अर्थ नाटककाराने अर्धा सांगितला, उरलेला थिएटरातल्या लोकांनी पुरा केला. लंडनच्या 'टाइम्स'चा पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने तो अर्थ अचूक ओळखला आणि आपल्या पुस्तकात लिहूनही ठेवला. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. तिला आधार होता १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचा, आणि हा कायदा आपल्या कायद्याच्या पुस्तकातून गेला तो थेट २०१८ मध्ये!

नाटकाला तिकीट लागायचं, पोवाड्याला लागत नसे. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांनी इंग्रजांना समांतर चालवलेल्या प्रतिसरकारच्या काळात शाहीर शंकरराव निकमांचे पोवाडे गावोगाव गाजले. तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता, प्रतिसरकारचा मुलूख सातारा जिल्ह्याचाच. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाचं लोकनाट्य केलं. तमाशाच्या सुरुवातीच्या गणातली देवाची स्तुती काढून तिथे मायभूमीला आणि कष्टकऱ्याला वंदन आणलं. सरकारला हे सोसलं नाही आणि त्यांच्या लाल बावटा कलापथकावर बंदी आली.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो कवलापूरच्या काळू-बाळूंचा फड. या जुळ्या भावांनी वगात रंगवलेले हवालदार पाहून माणसं पोट धरून हसायची. जत्रेत असा फड लागला की गावचे पुढारी, पाटील तिथेच बसलेले असतात. सोंगाड्याची कोपरखळी बसली की शिट्टी तिथेच, पटली नाही तर आरडाओरडाही तिथेच. उत्तर द्यायला दुसरीकडे जावं लागत नाही.

टीव्हीने ही जागा काढून घेतली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा पडदा सरकारच्या हातात होता. १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' ही खासगी वाहिनी आल्यावर जाहिरातदारांचं वजन वाढलं. कोपरखळी कुठवर जायची हे आता समोरच्या गर्दीने ठरत नव्हतं. २०१७ मध्ये एका हिंदी विनोदी स्पर्धेत श्याम रंगीलाने पंतप्रधानांची नक्कल केली, पण ती प्रेक्षकांपर्यंत पोचलीच नाही. सत्तेची नक्कल कापली जाते आणि सत्तेची जाहिरात घरातल्या भांडणामागे भिंतीवर लागते, याचा मला मनापासून राग येतो. शाहीर डफ घेऊन समोर उभा असायचा, तो कुणाच्या बाजूचा हे लपलेलं नसायचं. भिंतीवरच्या फलकाचे पैसे कुणी दिले हे घरी बसलेल्या बाईला कसं कळावं?

टीव्हीच्या काळातही गावाने समोरून उत्तर दिल्याचं एक उदाहरण आहे. जानेवारी २०२२ मध्ये साताऱ्याचे अभिनेते किरण माने यांना 'मुलगी झाली हो' मालिकेतून काढण्यात आलं. राजकीय पोस्टमुळे काढलं, असं ते म्हणाले. निर्मात्यांनी ते नाकारलं आणि सेटवरच्या वर्तनाचं कारण दिलं. सहकलाकारही दोन बाजूंना विभागले गेले. मालिकेचं चित्रीकरण सातारा जिल्ह्यात चालत होतं, आणि वाई तालुक्यातल्या गुळुंब ग्रामपंचायतीने त्याला नकार देणारं पत्र काढलं.