कोलोचावा

युक्रेनच्या नैर्ऋत्येकडील झाकारपात्स्का प्रांतातील कार्पेथियन पर्वतातले गाव. खुस्त जिल्ह्यात तेरेब्ल्या नदीच्या अरुंद खोऱ्यात ते वसले आहे. सपाट जमीन कमी असल्याने वस्ती एकवटलेली नाही. नदीकाठाने आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या कडेने ती लांबवर पसरली आहे. जवळच स्त्रिम्बा (१,७१९ मी.) हे शिखर आणि पोलोनिना क्रास्ना ही गवताळ माथ्यांची रांग आहे.

अशा जमिनीत धान्य फारसे पिकत नाही. बटाटा, मका, मेंढ्या आणि जंगल यांवरच गाव जगले. उन्हाळ्यात धनगर कळप घेऊन माथ्यावरच्या कुरणांत मुक्काम करतात. मेंढीचे दूध तिथेच साकळवून, चोथा फडक्यात टांगून निथळतात. तोच पुढे कुस्करून खारवला की ब्रिंझा हे चीज होते. लाकूडतोड हा दुसरा मोठा धंदा. डोंगरातल्या ओढ्यांवर लाकडी बांध घालून पाणी अडवत आणि बांध उघडला की त्या लोंढ्यावर ओंडक्यांचे तराफे खाली सोडत. तराफे हाकणाऱ्यांना बोकोराश म्हणत. हे काम जिवावरचे होते.

गावाचा विसाव्या शतकातील इतिहास म्हणजे राज्यकर्ते बदलत जाण्याचा इतिहास. पहिल्या महायुद्धापर्यंत इथे ऑस्ट्रिया-हंगेरीची सत्ता होती. १९१९ मध्ये हा प्रदेश चेकोस्लोव्हाकियाकडे, १९३९ मध्ये हंगेरीकडे, १९४५ मध्ये सोव्हिएत संघाकडे गेला आणि १९९१ पासून तो स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे. गावकरी घर न सोडता या साऱ्या राजवटींचे प्रजाजन झाले. यातला सर्वांत मोठा घाव १९४४ चा. त्या वर्षी हंगेरीच्या राजवटीत या भागातील ज्यूंना आउश्वित्झ येथील नाझी मृत्युछावणीत धाडण्यात आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे दुकाने व खानावळी चालवणारा समाज गावातून नाहीसा झाला.

गावाचे नाव दूरवर पोचले ते मिकोला शुहाय या बंडखोरामुळे. युद्धात सैन्यातून पळून आलेला हा तरुण रानात लपून लूटमार करी. गरिबांना तो आपला वाटे, त्याला गोळी लागत नाही अशीही श्रद्धा होती. १९२१ मध्ये साथीदारांनीच त्याला ठार मारले. चेक लेखक इव्हान ओल्ब्राख्त यांनी इथे राहून, लोकांकडून ऐकून त्याच्यावर लिहिलेली कादंबरी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. गावात ओल्ब्राख्त यांचे स्मारक आहे. दरोडेखोराच्या पलीकडे जाऊन डोंगरी माणसाची भूक आणि स्वाभिमान त्यांनी मांडला, म्हणून चेक वाचक आजही कोलोचावाला येतात.

पवित्र आत्म्याचे लाकडी चर्च (१७९५) ही गावातील सर्वांत मोलाची जुनी वास्तू. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘जुने गाव’ या खुल्या संग्रहालयात जुनी लाकडी घरे मांडली आहेत. त्यांत गुराख्याची झोपडी आहे तशी ज्यू कुटुंबाची खानावळही आहे. चेक काळातील आणि सोव्हिएत काळातील शाळांची संग्रहालये वेगवेगळी आहेत. लाकूड वाहणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीची इंजिने व डबेही जपून ठेवले आहेत. सिनेविर सरोवर येथून जवळ असल्याने पर्यटकांचा ओघ असतो.