इंडोनेशियाचे स्वातंत्र्य आणि हेगमधली उधारी

इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची कथा सांगताना बहुतेक जण थेट १९४९च्या हेग गोलमेज परिषदेवर येतात. पण तोवर दोन करार होऊन मोडले होते.

राष्ट्रवादी नेते सुकार्नो आणि हट्टा यांनी १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले. इंडोनेशिया ज्यांची वसाहत होती त्या नेदरलँड्सला ते मान्य नव्हते. लिंगगाजाती करारात डचांनी जावा, मादुरा आणि सुमात्रावरील प्रजासत्ताकाची सत्ता मान्य केली. त्यावर मार्च १९४७ मध्ये सह्या झाल्या आणि जुलैत डच फौजा आत घुसल्या. डच तिला ‘पोलीस कारवाई’ म्हणत. होते ते युद्धच. पुढचा करार जानेवारी १९४८ मध्ये ‘रेनव्हिल’ या अमेरिकी जहाजावर झाला, कारण तटस्थ जागा दुसरी सापडेना. त्याच वर्षी १९ डिसेंबरला डचांनी प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकर्ता काबीज करून सुकार्नो आणि हट्टा दोघांनाही अटक केली.

ही लढाई डचांनी जिंकली खरी, पण तीच त्यांच्या अंगाशी आली. गनिमी हल्ले थांबेनात, जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई परिषद बोलावली, सुरक्षा परिषदेने कैद्यांची सुटका करायला सांगितले आणि अमेरिकेत नेदरलँड्सची मार्शल मदत (महायुद्धानंतर युरोपच्या उभारणीसाठी दिलेला अमेरिकी पैसा) रोखण्याची भाषा सुरू झाली. माझ्या मते डचांना टेबलावर आणले ते मुख्यतः या शेवटच्या धास्तीने.

२३ ऑगस्टला हेगमध्ये बोलणी सुरू झाली. खरी रस्सीखेच झाली ती पैशावरून. वसाहत सरकारचे कर्ज नव्या राज्याने फेडावे, हा डचांचा आग्रह. त्यात प्रजासत्ताकाविरुद्धच्या लष्करी मोहिमांचा खर्चही होता, म्हणजे ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांच्याच नावावर त्या गोळ्यांचे बिल! संयुक्त राष्ट्रांच्या आयोगातले अमेरिकी प्रतिनिधी मर्ल कॉकरन यांनी मध्यस्थी केली आणि सुमारे ४.३ अब्ज गिल्डरवर (गिल्डर हे डच चलन) तडजोड झाली. हट्टांनी हा कडू घोट गिळला. पश्चिम न्यू गिनी (न्यू गिनी बेटाचा डचांकडचा पश्चिम भाग) कोणाकडे राहणार यावर मात्र एकमत होईना, तेव्हा तो प्रश्न वर्षभर पुढे ढकलून २ नोव्हेंबरला परिषद आटोपली.

२७ डिसेंबरला ॲम्स्टरडॅममध्ये राणी ज्युलियाना यांनी सत्तांतराच्या दस्तऐवजावर सही केली. डचांच्या पसंतीची संघराज्याची रचना ऑगस्ट १९५० पर्यंतच टिकली. १९५६ मध्ये इंडोनेशियाने हेगचे करार एकतर्फी रद्द केले आणि उरलेले कर्ज नाकारले. वर्षभरासाठी ढकललेल्या पश्चिम न्यू गिनीचा ताबा इंडोनेशियाला मिळाला तो थेट मे १९६३ मध्ये.