निळा चॅफिंच

अटलांटिक महासागरातील स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरीफे आणि ग्रान कनारिया या दोनच बेटांवरील डोंगरी पाइनच्या जंगलात राहणारा फिंच पक्षी. फ्रिंजिलिडी कुलातील फ्रिंजिला प्रजातीत त्याचा समावेश होतो. स्पॅनिशमध्ये त्याला ‘पिंसोन असुल’ म्हणतात. आपल्याकडे पिंजऱ्यात पाळतात तो झेब्रा फिंच मुनियांच्या कुलातला असून त्याचा या पक्ष्याशी जवळचा संबंध नाही.

वेब, बर्थेलो आणि मोकँ-तांदाँ या निसर्गअभ्यासकांनी टेनेरीफेवरील तेइदे पर्वतावरून या पक्ष्याला फ्रिंजिला टेडिया हे शास्त्रीय नाव दिले. त्यांचा ग्रंथ वर्षानुवर्षे खंडाखंडाने निघत राहिल्याने नामकरणाचे वर्ष काही सूचींत १८३६, तर काहींत १८४१ असे आढळते. ग्रान कनारियावरील पक्ष्याचे वर्णन पक्षितज्ज्ञ हार्टर्ट यांनी १९०५ मध्ये केले. संग्राहक पोलात्सेक यांचे नाव दिलेली ती टेडियाचीच उपजाती म्हणून शतकभर गणली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत पिसारा, गाणे, शरीरमापे आणि आनुवंशिक द्रव्य या सर्वच बाबतींत दोहोंत ठळक फरक दिसला, आणि फ्रिंजिला पोलात्सेकी ही स्वतंत्र जाती मानण्याकडे बहुतेक सूचिकारांचा कल झाला. नुसत्या आनुवंशिक अंतरावर जाती वेगळ्या करण्याविषयी शंका घेता येते. येथे मात्र इतकी निराळी लक्षणे एकाच दिशेने बोट दाखवत असल्याने हे विभाजन ग्राह्य वाटते.

हा पक्षी पाइनच्याच जंगलात का राहतो, हा प्रश्न अधिक वादाचा आहे. पक्षितज्ज्ञ डेव्हिड लॅक यांच्या मते चॅफिंच या बेटांवर दोनदा आले. आधी आलेल्यांपासून निळा चॅफिंच घडला आणि नंतर आलेल्यांनी, म्हणजे साध्या चॅफिंचने, त्याला दमट सदाहरित लॉरेल वनांतून पाइनमध्ये रेटले. ला पाल्मा व एल इयेर्रो या बेटांवर निळा चॅफिंच नाही, आणि तेथे साधा चॅफिंच पाइनमध्येही राहतो, ही बाब या मताला पोषक ठरते. निळ्याची वंशशाखा फार जुनी असल्याचे पुढील आनुवंशिक अभ्यासांतून दिसले. पण मोठी, दणकट चोच पाहता तो पाइनच्या बियांसाठी घडत गेला, असेही म्हणता येते. स्पर्धेने त्याला लॉरेल वनांच्या कडेवर थोपवले असेल, मात्र पाइनशी त्याचे नाते केवळ हुसकावले जाण्यातून जडले असावे, हे पटत नाही.

कॅनरी पाइन हा हिमालयातील चीड पाइनचा जवळचा नातलग. दोघांच्याही सुया तिनाच्या झुबक्यात येतात. जाड सालीमुळे हे झाड आगीतून तगते आणि काळवंडलेल्या खोडावर पुन्हा हिरवे कोंब फुटतात. टेनेरीफेवर साधारण १,००० ते २,००० मीटर उंचीवर, व्यापारी वाऱ्यांनी आणलेल्या ढगांच्या थराच्या आसपास व त्याच्या वर, ही जंगले पसरली आहेत.

निळा चॅफिंच चिमणीहून थोडा मोठा असतो. टेनेरीफेवरील नर पाटीसारखा निळा-करडा, शेपटीखाली पांढरा असतो; डोळ्याभोवती तुटक पांढरे कडे असते. मादी मळकट तपकिरी-करडी असते. नवख्याची फसगत होते ती साध्या चॅफिंचमुळे, कारण कॅनरी बेटांवरील त्याच्या नराची पाठही गडद निळसर असते. म्हणून पाठीवर विसंबू नये, पक्षी समोर वळेपर्यंत थांबावे. साध्याची छाती फिकट नारिंगी, पंखावरचे पट्टे शुभ्र आणि उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात. निळ्याची छाती निळसर-करडीच असते, पंखावरचे पट्टे अंधुक. ग्रान कनारियाचा पक्षी आकाराने लहान व जास्त करडा असून त्याच्या पंखांवरील पट्टे अधिक स्पष्ट, तर नराच्या चोचीच्या वर काळी पट्टी असते.

टेनेरीफेवर शोध घ्यायचा तर विलाफ्लोर गावाच्या वर, सुमारे २,१०० मीटरवरील लास लाखास हे वनभोजनाचे ठिकाण प्रसिद्ध आहे. कोरड्या उन्हाळ्यात तेथील गळक्या नळाशी शांत बसावे. ओलसर मातीवर एकेक पक्षी उतरतो, चोच बुडवतो, मान वर करून पाणी गिळतो आणि सुयांच्या जाड गालिच्यावर टुणटुणत बिया वेचू लागतो. ग्रान कनारियावर सुतारपक्ष्यांनी फोडलेल्या शंकूंतल्या उरलेल्या बियाही तो खातो.

वीण उशिरा, प्रामुख्याने मे ते जुलै दरम्यान होते. मादी बहुधा दोनच अंडी घालते. पिलांना मुख्यतः अळ्या व कीटक भरवले जातात.

टेनेरीफेचा हा पक्षी त्या बेटाचे अधिकृत निसर्गचिन्ह आहे आणि तेथे बराच दिसतो. ग्रान कनारियावर मात्र पक्ष्यांची संख्या काही शेकड्यांतच आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी संग्राहकांनी मोठ्या संख्येने पक्षी मारले. त्याआधीच्या व नंतरच्या वृक्षतोडीने पाइनची वने तुटक झाली होती. शेवटी मुख्य आधार उरला तो इनाग्वाच्या राखीव वनाचा, आणि जुलै २००७ च्या वणव्यात त्याचाही मोठा भाग होरपळला. पाइन पुन्हा फुटले, पक्षी मात्र तितक्या वेगाने सावरले नाहीत. सारी जाती एकाच वनावर विसंबू नये म्हणून बंदिवासात वाढवलेले तसेच इनाग्वात पकडलेले पक्षी बेटाच्या मध्यभागी, ला कुंब्रेच्या पाइनमध्ये सोडण्यात आले. आता तेथेही त्यांची वीण होते.