नळातल्या तेल-पाण्याचा हिशेब

जमिनीतून वर येणारे खनिज तेल क्वचितच एकटे येते. त्याच्यासोबत पाणी असते, आणि विहीर जुनी होत जाते तसे हे पाणी वाढत जाऊन अनेकदा तेलाहूनही अधिक भरते. दोन्ही द्रव एकाच वाहिनीतून पुढे जातात. मात्र ते एकमेकांच्या संगतीने कसे वाहतात, यावर पंपाला किती जोर लावावा लागेल इथपासून वाहिनी आतून कुठे गंजेल इथपर्यंत बरेच काही अवलंबून असते. आडव्या वाहिनीत वेग कमी असला की जड पाणी तळाशी व तेल वर असे थर पडतात, आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्यास वाहिनीचा तळच आधी पोखरला जातो. वेग वाढला की थरांमधल्या सीमेवर लाटा उठतात, लाटांचे शेंडे तुटून थेंब होतात आणि अखेर एक द्रव दुसऱ्यात पूर्णपणे विखुरतो. पाण्यात विखुरलेल्या तेलाचे प्रमाण वाढवत नेले, तर एका टप्प्यावर भूमिका एकाएकी उलटतात: तेल सलग होते आणि पाण्याचे थेंब बनतात. या उलटापालटीच्या आसपास मिश्रणाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, अनेकदा झपाट्याने वाढते आणि तेवढाच प्रवाह ढकलायला कितीतरी अधिक दाब लागतो.

हे सारे संगणकावर आधीच पाहता यावे, हा सिम्युलेशनचा उद्देश. द्रवांच्या गतीची नाविए-स्टोक्स समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत. वाहिनीची पोकळी लहान लहान कप्प्यांत विभागायची आणि प्रत्येक कप्प्यातला वेग व दाब क्षणाक्षणाने काढत जायचे, ही पद्धतही रुळलेली आहे. खरी अडचण दोन द्रवांमधल्या सीमेची आहे, कारण ती सतत हलते, तुटते आणि जुळते, आणि तिच्या दोन बाजूंना श्यानता काही पटींनी, तर जाड तेलाच्या बाबतीत हजारो पटींनी वेगळी असते.

हर्ट आणि निकोल्स यांनी 1981 साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक कप्प्याला 0 ते 1 मधला एक आकडा दिला जातो. 1 म्हणजे सगळे पाणी, 0 म्हणजे सगळे तेल. आकडा 0.4 असेल, तर सीमा त्या कप्प्यातूनच जाते हे कळते. पण ती कोणत्या कोनात जाते हे शेजारच्या कप्प्यांचे आकडे पाहून ठरवावे लागते. ऑशर आणि सेथियन यांच्या 1988 सालच्या पद्धतीत सीमा अधिक गुळगुळीत मिळते व तिची वक्रता सहज काढता येते, पण मूळ स्वरूपात या पद्धतीत द्रवाचे वस्तुमान हळूहळू गळते आणि बारीक थेंब चक्क नाहीसे होतात. जिथे थेंबांवरच सारे अवलंबून आहे, तिथे पहिल्या पद्धतीचा ओबडधोबडपणा पत्करलेला बरा.

वक्रता एवढी महत्त्वाची का, हे एका साध्या चाचणीतून दिसते. स्थिर पाण्यात तेलाचा एक गोल थेंब ठेवायचा आणि गुरुत्वाकर्षण शून्य मानायचे. प्रत्यक्षात काहीच हलता कामा नये. संगणकावर मात्र वक्रता काढण्यातल्या लहानशा चुकीमुळे पृष्ठताण आणि दाब यांचा तोल जुळत नाही, आणि थेंबाभोवती कुठूनही न आलेले भोवरे फिरू लागतात.

उपाय म्हणून कप्पे बारीक करावेत, तर खर्च आवाक्याबाहेर जातो. 10 सेंटिमीटर व्यासाच्या, 1 मीटर लांबीच्या नळात 1 मिलिमीटरचे कप्पे केले तर ते सुमारे 78 लाख होतात, 0.1 मिलिमीटरचे केले तर सुमारे 785 कोटी. शिवाय पृष्ठतरंगांचा वेग पकडण्यासाठी काळाची पावलेही आखूड करावी लागतात, त्यामुळे कप्प्याची बाजू निम्मी केली की एकूण काम साधारण 23 पट होते. म्हणूनच किलोमीटरच्या किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांसाठी वेगळीच साधने वापरली जातात. 1980 च्या दशकात नॉर्वेत विकसित झालेल्या ओल्गासारख्या प्रणाली वाहिनीच्या आडव्या छेदातले तपशील सोडून देतात, फक्त लांबीच्या दिशेने हिशेब करतात आणि घर्षणासारख्या गोष्टी प्रयोगांतून मिळालेल्या सूत्रांवर सोपवतात.

बारीक कप्प्यांच्या गणितालाही एक गोष्ट पेलत नाही. दोन थेंब जवळ आले की त्यांच्यामध्ये दुसऱ्या द्रवाचा पातळ पडदा उरतो, आणि तो नॅनोमीटरच्या मापात येईपर्यंत सहसा फाटत नाही. खनिज तेलातले अ‍ॅस्फाल्टीनसारखे घटक सीमेवर जमून त्याला आणखी चिवट करतात. संगणकातले थेंब मात्र एका कप्प्याइतके जवळ आले की लगेच एकरूप होतात, कारण त्याहून पातळ पडदा त्या जाळीला दिसतच नाही. परिणामी थेंबांचा आकार आणि पर्यायाने उलटापालटीचा टप्पा हे दोन्ही द्रवांच्या गुणधर्मांइतकेच कप्प्यांच्या मापावरही ठरू लागतात. अशा वेळी एकूण दाबाची घट प्रयोगाशी जुळली म्हणून आतले चित्रही बरोबर आहे असे धरता येत नाही. गणिताने दाखवलेले थेंब किती मोठे आहेत आणि भिंतीला पाणी लागते आहे की तेल, हे वेगळे मोजून ताडून पाहावेच लागते.